'बेताल'मधल्या गावाला ग्रामसभा का नाही?

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला येणारी पोरं हल्ली मोबाईलवर काय पाहतात, हे विचारायचे आम्ही सोडून दिले होते. पण त्यांच्यापैकी एकाने परवा स्वतःहूनच विषय काढला. म्हणाला, "नेटफ्लिक्सवर 'बेताल' आहे. झोंबीची मालिका आहे, पण पहिल्या भागात आपल्याकडच्यासारखंच गाव आहे. रस्त्यासाठी आदिवासींना उठवतात. तुम्ही एकदा बघा." आम्ही पाहिला. पोरगा खोटे बोलला नव्हता. पण पाहून झाल्यावर जी चीड आली, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवले नाही.

'बेताल' 24 मे 2020 ला आली. पॅट्रिक ग्रॅहमची निर्मिती, शाहरुख खानच्या रेड चिलीज आणि अमेरिकेच्या ब्लमहाऊस या कंपन्यांचा पैसा, एकूण चार भाग. पहिल्या भागाची गोष्ट थोडक्यात अशी. जंगलात नीलजा नावाचे आदिवासी गाव. शेजारी बेतालचा डोंगर आणि त्यात इंग्रजांच्या काळापासून बुजवलेला बोगदा. त्यातून महामार्ग न्यायचा आहे. मुधळवन हा बिल्डर-कंत्राटदार (आपला जितेंद्र जोशी) उद्घाटनाच्या तारखेसाठी घायकुतीला आला आहे. गावकरी म्हणतात, बोगदा उघडू नका, आत शाप आहे. मग 'बाझ' नावाची सशस्त्र तुकडी बोलावली जाते, विरोध करणारे नक्षलवादी ठरतात, बळाचा वापर होतो, माणसे मरतात, बोगदा फुटतो, आणि आतून बाहेर येतात 1857 च्या काळातले कंपनी सरकारचे मेलेले गोरे सैनिक. लाल कोट, लाल डोळे. पुढचे तीन भाग या तुकडीने त्यांच्यापासून जीव वाचवण्याचे.

आधी श्रेय देऊन टाकू, नाहीतर म्हणाल की यांना काहीच आवडत नाही. कंत्राटदार आणि वर्दी यांची मिलीभगत हिंदी पडद्यावर इतक्या उघडपणे क्वचित दिसते. "नक्षलवादी" हा शिक्का पुरावा नसताना कसा मारला जातो, तेही पहिल्या अर्ध्या तासात स्पष्ट दिसते. जितेंद्र जोशींनी तो कंत्राटदार असा उभा केला आहे की यवतमाळच्या कुठल्याही विश्रामगृहाच्या व्हरांड्यात तो आपल्याला भेटलेला आहे असे वाटावे. मंजिरी पुपाला यांची पुनिया ही एकटीच गावकरी लक्षात राहते. पण ती एकटीच लक्षात का राहते, तिथूनच आमचा वाद सुरू होतो.

पहिला भाग संपला तेव्हा आम्ही पोरांना विचारले, तुकडीतल्या किती जणांची नावे आठवतात? सिरोही, त्यागी, अहलुवालिया अशी भराभर नावे आली. आता गावातल्यांची सांगा. पुनिया. आणखी? कोणीच बोलेना. त्यांची जमात कोणती? ते गोंड, कोलाम की आणखी कोणी? भाषा कोणती? शेती काय करतात? गाव काल्पनिक, जंगल काल्पनिक, त्यामुळे हे सगळे मोकळे सोडायला लेखकाला परवाना मिळाला. ज्यांच्या गावावर ही मालिका उभी आहे, ते अर्ध्या तासात मरून मोकळे होतात, आणि मग गोष्ट सुरू होते ती त्यांना मारणाऱ्या शिपायाच्या मनातल्या बोचणीची. त्याला रात्री झोप येत नाही, त्याला जुनी पापे दिसतात. मेलेल्यांना झोप आली की नाही, याची चौकशी कोणी करत नाही.

हे आपल्याला नवीन नाही. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात 13 माणसांचे बळी घेतल्याचा आरोप असलेली टी-वन वाघीण 2 नोव्हेंबर 2018 ला गोळी घालून मारली गेली. तिला "अवनी" हे गोड नाव मिळाले. देशभर मेणबत्त्या पेटल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, दिल्लीच्या मंत्र्यांनी निषेध केला. आम्ही वाघाच्या विरोधात नाही, तिला ज्या पद्धतीने मारले त्यावरचे प्रश्नही रास्त होते. पण त्या 13 जणांतले एक तरी नाव मुंबई-दिल्लीच्या कोणाला सांगता येईल? ती गुरे राखणारी, शेतात राबणारी माणसे होती. वाघिणीला नाव आणि माणसांना नुसता आकडा मिळाला. 'बेताल'मध्येही शिपायाला नाव आणि गावाला जमाव म्हणून उभे राहण्याचे काम मिळाले आहे. मालिकेच्या लेखकाने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. त्याला ते खटकलेसुद्धा नसेल, आणि आमची तक्रार तीच आहे.

झोंबी हा शब्द आला कुठून, हेही पोरांना माहीत नव्हते. त्यांना वाटत होते तो हॉलिवूडचा. झोंबी हा मुळात हैतीचा आहे. फ्रेंचांच्या त्या वसाहतीत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून ऊस पिकवून घेतला जाई. गुलामाला एकच आशा असे, की मेल्यावर तरी आत्मा आफ्रिकेतल्या आपल्या मुलखात परत जाईल. आणि सर्वांत मोठी भीती कोणती? मेल्यावरही सुटका नाही, प्रेत उठून मालकाच्याच मळ्यात राबत राहणार, ही. हाच मूळचा झोंबी. तो कोणाला चावत नव्हता, कोणाचे मांस खात नव्हता. त्याची लोकांना भीती वाटत नव्हती, आपण तसे होऊ याची भीती वाटत होती. हैतीच्या गुलामांनी 1791 ला बंड केले आणि 1 जानेवारी 1804 ला स्वतंत्र देश जाहीर केला. (1 जानेवारी ही तारीख आपल्यालाही वेगळी सांगायला नको.) पुढे 1915 ते 1934 अमेरिकेने हैतीवर लष्करी ताबा ठेवला, त्याच काळात गोऱ्या लेखकाच्या पुस्तकातून झोंबी अमेरिकेत पोचला आणि 1932 ला 'व्हाइट झोंबी' हा सिनेमा आला. त्यात निदान साखर कारखान्यात राबणारी प्रेते तरी होती. नंतर झोंबीचे राबणे गेले आणि चावणे उरले. ज्याच्यावर अन्याय झाला तो गुलामच आता घराच्या दाराशी आलेला राक्षस झाला, आणि बंदूक घेऊन दार लावून बसलेला माणूस नायक झाला.

2010 साली सुरू होऊन अकरा सीझन चाललेल्या 'द वॉकिंग डेड'ने हाच साचा जगभर विकला. आपली पोरे तो पाहून वाढली. 1968 मध्ये जॉर्ज रोमेरोने एक गोष्ट मात्र धाडसाची केली होती. त्याच्या सिनेमाचा नायक काळा माणूस होता. तो रात्रभर प्रेतांशी लढून जिवंत राहतो आणि सकाळी बचावाला आलेली गोऱ्यांची टोळीच त्याला गोळी घालते. त्या सिनेमातली प्रेते आम्हाला फारशी आठवत नाहीत, ती शेवटची गोळी आठवते.

गुलामगिरी आणि जात या दोन गोष्टींची सांगड घालायला आम्हाला कोणा परदेशी प्राध्यापकाची गरज लागली नाही. जोतीरावांनी 1873 ला 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी 1946 च्या सुमारास डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या प्रश्नाचा आणि अस्पृश्यांच्या प्रश्नाचा सारखेपणा मांडला. त्यामुळे झोंबीच्या गोष्टीवर बोलण्याचा अधिकार आम्हाला नेटफ्लिक्सकडून मागून घ्यायचा नाही.

आता त्या लाल कोटाबद्दल. 'बेताल'चा खरा गुन्हेगार शेवटी कोण ठरतो? 1857 चा गोरा कर्नल. कंत्राटदार लोभी, कमांडंट भ्रष्ट, पण मुळातले पाप परदेशी. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो, की चला, हे आपले नव्हते, हे त्यांचे होते. आमचा आक्षेप इथे सर्वांत जास्त आहे. आम्ही इंग्रजांचे वकील नाही. 1853 ला वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेले आणि अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटली तेव्हा तिकडच्या गुलामांच्या कापसाची जागा वऱ्हाडच्या कापसाने भरून काढली, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या मुलखाचा कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी शकुंतला धावली, यवतमाळ ते मूर्तिजापूर. ती बांधणारी किलिक निक्सन ही कंपनी 1857 ची, म्हणजे मालिकेतल्या कर्नलच्याच वयाची. स्वातंत्र्यानंतरही कैक दशके त्या छोट्या रुळांच्या वापरापोटी कंपनीला पैसे देण्याचा करार चालू राहिला. कंपनी सरकारचे भूत बघायचे असेल तर डोंगरात बोगदा खणायला नको, मूर्तिजापूरच्या फलाटावर गेले तरी भागले असते.

पण ते भूत पोसले कोणी? 1894 चा भूसंपादन कायदा इंग्रजांचा. तो 2013 मध्ये नवा कायदा होईपर्यंत चालू होता. स्वातंत्र्यानंतरची साठ-पासष्ट वर्षे धरणे, खाणी, कारखाने सगळे त्यावरच झाले. 1927 चा वन कायदा इंग्रजांचा, तो आजही चालू आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांचा. तो 1952 ला रद्द झाला खरा, पण आमच्या जिल्ह्यातल्या पारध्याच्या बेड्यावर जाऊन विचारा, पोलिसाच्या डोक्यातून तो कधी रद्द झाला? चोरी कुठेही होवो, गाडी बेड्यावरच येते. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा धडा इंग्रजाने इथे गिरवला तेव्हा पाटी-पेन्सिल मनूची होती. 'बेताल'मधल्या गावावर बसलेला नक्षलवादी हा शिक्का त्याच जुन्या शिक्क्याची नवी छपाई आहे. मालिकेच्या लेखकाच्या हाताशी ही खरीखुरी, मेलेली तरीही चालणारी प्रेते होती. त्याने ती सोडली आणि लाल डोळ्यांचे शिपाई घेतले. मग चौथ्या भागापर्यंत लढाई गोऱ्या भुताशी चालते आणि मुधळवनने ते टेंडर कसे मिळवले, हा प्रश्न पहिल्या भागातच गाडला जातो.

आणि सर्वांत मोठी फसवणूक पुढे आहे. नीलजाचे गावकरी बोगद्याला विरोध का करतात? आत भूत आहे म्हणून. एवढेच कारण. त्यांच्याकडे हळद, मीठ, राख आहे, मंत्र आहे, डोंगराची भीती आहे. कागद नाही, ठराव नाही, वकील नाही, कायदा नाही. म्हणजे एका बाजूला विकास आणि दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धा, फक्त या गोष्टीत योगायोगाने अंधश्रद्धा खरी निघाली! हे आदिवासींच्या बाजूचे वाटते, पण आदिवासींची मान कापणारे आहे. कारण प्रत्यक्षात भूत निघत नाही. प्रत्यक्षात बोगदा फुटतो, रस्ता होतो, टोल सुरू होतो, आणि नकार देणारे खुळे ठरतात.

प्रत्यक्षातला नकार कसा असतो ते नियमगिरीने दाखवले आहे. ओडिशातल्या त्या डोंगरात वेदांत कंपनीला बॉक्साइट काढायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटले. डोंगर त्यांचा देव आहे हे त्यांनी सांगितलेच. पण त्याच सभांत झरे, शेती, जंगलातले अन्न आणि हक्काची जमीन हेही सांगितले. वर्तमानपत्रांना मात्र देव आवडला. मथळे देवाचे झाले. आदिवासी माणूस हिशेबाने, कायद्याने, अकलेने नाही म्हणू शकतो, हे आपल्या सुशिक्षित वाचकाच्या पचनी पडत नाही. 'बेताल'ने त्याच वाचकाची भूक भागवली आहे.

इथे आमच्यातल्याच काही मित्रांना आमचे म्हणणे झोंबेल. ते म्हणतात, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक, भूतखेत मानत नाही, मग आदिवासींच्या श्रद्धेची बाजू का घेता? आम्ही श्रद्धेची बाजू घेत नाही आहोत. दाभोलकरांचा खून झाला त्या 2013 सालीच जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि तो गावोगाव सांगायला आम्हीही फिरलो आहोत. पोरगी झपाटली म्हणून तिला मांत्रिकाकडे नेणाऱ्या बापाशी आम्ही भांडलो आहोत, पुढेही भांडू. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याच्याकडे नाही म्हणायला कायद्याचे कारण आहे, त्याच्या तोंडी फक्त भुताचे कारण घालणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. तो अपमान आपला सुद्धा शेकडो वर्षे झाला आहे. महार आहे, म्हणजे वेशीबाहेरच्या म्हसोबाचे त्याला कळते, वेदाचे काय कळणार?

पुनियाच्या जागी एखादी कोलाम बाई कल्पून पाहा. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांत त्यांचे पोड आहेत. यांतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे तिथे 1996 चा पेसा लागू आहे आणि जमीन संपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत सक्तीची आहे. 2006 चा वनहक्क कायदा तर सगळीकडेच आहे. त्याच्या कलम 4(5) मध्ये स्वच्छ लिहिले आहे, की हक्क तपासून मान्य करण्याची प्रक्रिया पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कोणालाही हुसकावता येणार नाही. ही बाई जर बोगद्याच्या तोंडाशी हळद घेऊन उभी राहण्याऐवजी हा कागद घेऊन उभी राहिली असती, तर तुकडीच्या कमांडंटला काय करावे लागले असते? गोळीच घालावी लागली असती कदाचित. पण मग ती भुताची गोष्ट उरली नसती, आणि तिला पैसा देणारा कोणी मिळाला नसता.

ही नुसती कल्पना नाही. 2022 मध्ये केंद्राने वनसंवर्धनाचे नवे नियम आणले. आधी जंगल वळते करण्याच्या केंद्राच्या मंजुरीपूर्वी ग्रामसभेची संमती बघायची असा दंडक होता, तो या नियमांनी सैल केला. म्हणजे मंजुरी आधी, गावाचे नंतर बघू. या बातमीवर कुठली मालिका आली नाही. आमच्या जिल्ह्यातूनही एक मोठा महामार्ग आखला आहे, पवनार ते पत्रादेवी, मूळ आखणीत सुमारे 802 किलोमीटर, बारा जिल्हे, नाव शक्तिपीठ. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला तो मोजणी, मोबदला, बागायत जमीन, पुराचे पाणी अशा मुद्द्यांवर. त्यांना कोणी विचारले नाही, की तुमच्या शेतात भूत आहे का. मग आदिवासीलाच पडद्यावर भूत का लागते? आणि यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा, त्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीनाचा आवाज कोल्हापूरइतका का पोचत नाही, याचाही विचार करायला हवा. भूमिहीनाला तर मोबदल्याच्या यादीत जागाच नसते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचे काही गेलेच नाही असे सरकार धरते. आपल्या वस्त्यांतले निम्मे लोक त्यात मोडतात.

बोगद्यात पहिले कोण जाते, तेही बघा. कंत्राटदार बाहेर. त्याची बायको-मुलगी गाडीजवळ. आत मजूर. मालिकेत ते किंचाळून मरतात आणि पुढे त्यांचा उल्लेखही नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात 41 मजूर 17 दिवस अडकले होते. अवजड परदेशी यंत्र मोडले तेव्हा हाताने माती काढून त्यांच्यापर्यंत पोचणारेही मजूरच होते. बोगद्यातला मजूर काय चीज असते, हे त्या वेळी देशाने दोन दिवस टीव्हीवर पाहिले आणि तिसऱ्या दिवशी चॅनेल बदलले.

ही मालिका कधी आली, हेही विसरू नका. मे 2020. सगळा देश घरात बसून पडद्यावर चालती प्रेते बघत होता, तेव्हा बाहेर रस्त्यावर जिवंत माणसे चालत होती. 8 मे ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. 19 मे ला, म्हणजे 'बेताल' येण्याच्या पाच दिवस आधी, सोलापूरहून मजुरांना घेऊन निघालेली बस आपल्याच आर्णी तालुक्यात ट्रकवर आदळली आणि चौघे गेले. त्या दिवसांत गावाच्या वेशीवर काटेरी फांद्या टाकून परत येणाऱ्यांना अडवले गेले. दार लावून बसलेले नायक आणि बाहेर धडपडणारी गर्दी हा झोंबीचा सगळा साचा आपण स्वतः जगलो आहोत. फक्त बाहेरची गर्दी आपली होती.

आणि त्याच्या तीन वर्षे आधी? 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. डोळ्यांपुढे अंधारी, झोक जाणारी पावले, ओळख न पटणारी नजर. त्या वर्षी कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, फवारा सरळ तोंडावर येत होता. फवारणाऱ्यांत कितीतरी जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेले होते. त्यानंतर चर्चा कशाची झाली? मास्क का घातला नाही, हातमोजे का घातले नाहीत याची. रोजंदारीवर गेलेल्याला हातमोजे कोण देतो, हे विचारायला कोणी आले नाही. दोष मरणाऱ्याचा, हा निकाल आधी लागला. औषध बनवणारे, विकणारे, खपवणारे यांच्यावर जे काही व्हायचे ते आजही कागदांत फिरते आहे. झोंबीची खरी गोष्ट लिहायचीच असेल तर ती इथे आहे, दुसऱ्याच्या मळ्यात विष अंगावर घेऊन राबत राहिलेल्या माणसाची. हैतीच्या गुलामाला ती सांगावी लागली नसती, त्याला लगेच कळली असती.

ज्या पोराने ही मालिका सुचवली, त्याने आमचे सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाला, "पण सर, निदान गाव दाखवलं तरी. नाहीतर कोण दाखवतं?" त्याचे बरोबर आहे. म्हणूनच आम्ही ती बंद करा, बहिष्कार टाका असे म्हणत नाही. पुढच्या रविवारी उरलेले तीन भाग विहारात सगळ्यांनी मिळून पाहायचे ठरले आहे. येताना प्रत्येकाने आपापल्या गावच्या शेवटच्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणायची. ग्रामसेवक देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा, नमुना आमच्याकडे तयार आहे. राळेगाव आणि झरीकडच्या पोरांनी सामूहिक वनहक्काचा दावा कुठे अडला आहे तेही विचारून यावे. मालिका संध्याकाळी सहाला सुरू होईल, कागद मात्र दुपारी दोनला बघायला बसू.